पंचवीसचे बावन्न

दुसरीच्या वर्गात संख्यांचं श्रुतलेखन चाललं होतं. मी म्हटलं, "पंचवीस." पहिल्या बाकावरच्या मुलीने पाटीवर आधी ५ काढला आणि त्याच्या शेजारी २. "त्रेसष्ट" म्हटल्यावर तिने ३६ लिहिले. "एकोणपन्नास" ऐकून ५९. दहापैकी दोन गुण पडले. पालकसभेला तिची आई आली ती रडवेली होऊनच. "बाई, रोज शंभरपर्यंत उजळणी म्हणून घेते हो मी. घडाघडा म्हणते. मग पाटीवर काय होतं हिला?"

तेव्हा मी नवी होते. "लक्ष नसतं तिचं, दहा-दहा वेळा लिहून घ्या," असं सांगून मी त्या माउलीला वाटेला लावलं. आज ते आठवलं की ओशाळायला होतं. कारण त्या मुलीचं लक्ष माझ्यापेक्षा चांगलं होतं. तिने जे कानाने ऐकलं तेच हाताने लिहिलं होतं. 'पंचवीस'मध्ये पाच आधी ऐकू येतो, वीस नंतर. 'त्रेसष्ट'मध्ये तीन आधी, साठ नंतर. 'एकोणपन्नास'मध्ये तर पन्नास चक्क ऐकू येतात, मग पाचाने सुरुवात केली तर बिचारीचं काय चुकलं? तिची एकही चूक अंदाजपंचे नव्हती.

पुढे पहिली-दुसरीलाच वर्षानुवर्षं शिकवत राहिले आणि एक गोष्ट पक्की झाली. गणितात मागे पडलेल्या मुलाला आणखी गणितं देण्याआधी त्याच्या चुका शांतपणे वाचायच्या. बहुतेक वेळा तो नेमका कुठल्या पायरीवर घसरतोय हे त्या चुकांतच लिहिलेलं असतं. तुमचं मूल पाच ते नऊ वर्षांचं असेल आणि वही उघडली की घरात रडारड होत असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. शिकवण्या लावायच्या की नाही ते नंतर बघू.

आधी वही मिटा आणि मूठभर चिंचोके घ्या. नसतील तर राजमा, शर्टाची बटणं, बाटल्यांची झाकणं, काहीही चालेल. बारा चिंचोके ओळीत मांडून मुलाला मोजायला सांगा. एका चिंचोक्यावर बोट आणि तोंडात एक शब्द, असं जुळतंय का ते बघा. काहींचं तोंड बोटाच्या पुढे पळतं, काहींचं बोट दोन चिंचोक्यांवरून उडी मारतं. मोजून झालं की वर पातेलं पालथं घाला आणि विचारा, "किती आहेत रे आत?" त्याने लगेच "बारा" म्हटलं तर छान. पण पुन्हा मोजण्यासाठी तो पातेलं उचलायला लागला, तर शेवटी उच्चारलेला शब्द म्हणजे सगळ्यांची मिळून संख्या, हे त्याला अजून उमगलेलं नाही. त्याच्या लेखी 'बारा' हे त्या शेवटच्या चिंचोक्याचं नाव आहे. असं मूल उजळणी शंभरपर्यंत म्हणू शकतं, जशी आपण अर्थ न कळता एखादी आरती म्हणतो.

मग आणखी थोडं विचारा. "मला सात दे." मागितले तितके देऊन थांबणं हे मोजण्यापेक्षा अवघड असतं, कितीतरी मुलं सातावर न थांबता ढीग संपेपर्यंत देत राहतात. "आठाच्या आधी काय येतं?" असं विचारल्यावर तो एकपासून सुरू करून आठापर्यंत येतो का? तीन-चार चिंचोके मुठीत दाखवून लगेच मूठ मिटली तर न मोजता किती ते सांगतो का? तीन-चारपर्यंतच्या वस्तू नजरेने एकदम ओळखणं बहुतेक लहान मुलांना जमतं. पाचवं वर्ष संपल्यावरही त्यासाठी दर वेळी बोट लावून मोजावं लागत असेल, तर तिकडे लक्ष ठेवा.

मोठ्या मुलासाठी अशीच एक सोपी चाचणी आहे. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' अहवालासाठी २००५ पासून स्वयंसेवक खेड्यापाड्यांत घरोघरी जाऊन मुलांचं वाचन आणि गणित तपासतात. गणिताची त्यांची मूळ चाचणी एका कागदावर मावते. एक ते नऊ अंक ओळखणं, अकरा ते नव्याण्णवमधल्या संख्या ओळखणं, हातच्याची दोन अंकी वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं. बस, चार पायऱ्या. मूल कितवीत आहे याचा त्या कागदाशी संबंध नाही. दुसरीतल्याला आणि सातवीतल्याला कागद तोच. हाच कागद घरी तयार करा. चौथीतलं मूल दुसऱ्या पायरीवर अडकलेलं दिसलं, तर चौथीचं पुस्तक महिनाभर कपाटात ठेवून दुसऱ्या पायरीवरच बसा. पालकांना हे पटवणं सगळ्यात जड जातं. "पण परीक्षेत तर भागाकार आहे ना!" आहे. पण पाया न भरता गिलावा करून भिंत उभी राहत नाही.

दहापर्यंतच्या संख्यांवर घाई करू नका. पहिलीच्या वर्षातले निम्मे दिवस एवढ्यावरच गेले तरी मला चालेल. दहा चिंचोके मुलासमोर मोजून ठेवा, त्याला डोळे मिटायला सांगा आणि काही वाटीखाली लपवा. बाहेर सहा दिसतात, तर वाटीखाली किती? आमच्या वर्गात हा खेळ पोरं मधल्या सुट्टीतही खेळायची. सहा-चार, सात-तीन, आठ-दोन या दहाच्या जोड्या एकदा अंगवळणी पडल्या की पुढची अर्धी बेरीज सोपी होते. आठ आणि पाच? आठाला दोन देऊन दहा करा, उरले तीन, झाले तेरा. ज्याला जोड्या येत नाहीत तो आठ बोटं उघडतो, पाच आणखी उघडायला जातो, बोटं कमी पडतात आणि रडू येतं.

बोटांवरून आठवलं. मुलाला बोटांवर मोजू नको म्हणून ओरडू नका. आपल्या आज्या जप मोजायच्या त्या बोटांच्या पेरांवरच की! अंगठ्याने चार बोटांची तीन-तीन पेरं मोजली की बारा होतात, एका हातावर. बोटं ही देवाने दिलेली पाटी आहे. फक्त हळूहळू एक सवय लावा: मोठी संख्या मनात, लहान हातात. आठ अधिक पाच करताना आठ मनात धरायचे आणि पुढे नऊ, दहा, अकरा असं पाच बोटांवर मोजायचं. आठही बोटांवर मोजायची गरज संपली की बोटं आपोआप सुटतात. दटावून सुटत नाहीत, टेबलाखाली जातात.

या वयाला वस्तू हव्यात हे काही परदेशातून आलेलं नवं शास्त्र नव्हे. १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं आणि पुढे अनुताई वाघांसोबत कोसबाडला काम उभं केलं, तेव्हा माँटेसरीची महागडी साधनं आदिवासी पाड्यांत कुठून आणायची हा प्रश्न होता. त्यांनी बिया, शंख-शिंपले, पानं, खडे अशा तिथेच मिळणाऱ्या वस्तूंतून साधनं केली. आज बाजारात शैक्षणिक खेळण्यांचे खोके मिळतात. घ्या, हौस असेल तर. पण रविवारी भाजी निवडताना "दहा-दहा भेंड्यांचे ढीग कर" म्हणण्याने जे होतं ते हजार रुपयांच्या खोक्याने होईलच असं नाही.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. दहाच्या पुढे मराठी मुलाची वाट खरोखर काट्यांची आहे आणि ते आपण मोठ्यांनी मान्य करायला हवं. आपल्याला शंभरही नावं पाठ आहेत म्हणून ती सोपी वाटतात. एका सहाचं काय-काय होतं ते बघा. सोळात तो 'सो' असतो, सव्वीसमध्ये 'सव्', छत्तीसमध्ये 'छ', सेहेचाळीसमध्ये 'सेहे', पुन्हा छप्पन्नमध्ये 'छ', सहासष्टमध्ये एकदाचा आपल्या खऱ्या नावाने येतो आणि शहात्तर, शहाऐंशी, शहाण्णवमध्ये 'शहा' होऊन बसतो. दोनाचे 'बा', 'बत्', 'बे' आणि 'ब्या' असे चार अवतार आहेत. शिवाय बोलताना एकक आधी आणि लिहिताना दशक आधी. त्यावर कडी म्हणजे एकोणतीस, एकोणचाळीस ही मंडळी. नावात पुढच्या दशकाची पाटी लावून मागच्या दशकात राहणारी. ही रीत एकोणऐंशीपर्यंत जाते. मग ८९ ला कोणी एकोणनव्वद म्हणतं, कोणी नव्याऐंशी, आणि ९९ तर सरळ नव्याण्णव.

इंग्रजीत 'ट्वेन्टी फाइव्ह', कानडीत 'इप्पत्तैदु', तेलुगूत 'इरवै ऐदु'. सगळीकडे वीस आधी आणि पाच नंतर, म्हणजे लिहिण्याचाच क्रम. सोलापुरात घरी तेलुगू किंवा कानडी बोलणारी आणि शाळेत मराठी शिकणारी कितीतरी मुलं आहेत. घरच्या भाषेतली संख्या सरळ असते आणि शाळेतली उलटी. परदेशात वाढणाऱ्या आपल्या नातवंडांचंही हेच होतं. त्यांना 'पंचवीस' म्हणजे काय ते विचारलं की ती क्षणभर थांबतात. ती मराठी विसरलेली नसतात, मनातल्या मनात आकडे फिरवत असतात. एकट्या आपल्याच पोरांच्या वाट्याला हे आलंय असंही नाही. जर्मन भाषेत पंचवीसला 'पाच आणि वीस' असंच म्हणतात आणि तिथलीही मुलं अंकांची अदलाबदल करतात.

२०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला 'वीस एक', त्रेसष्टच्या जोडीला 'साठ तीन' अशी वाचनाची रीत दिली, तेव्हा केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. डॉ. मंगला नारळीकर त्या वेळी गणित समितीच्या अध्यक्ष होत्या. जन्मभर गणितात रमलेल्या आणि मुलांसाठी 'गणितगप्पा' लिहिणाऱ्या बाईंना त्या दिवसांत फोनवरच्या विनोदांचा मारा सहन करावा लागला. 'बावन्नकशी'चं काय करायचं, 'छप्पन्न भोगां'चं काय, असं काय काय विचारलं गेलं. माझं मत विचाराल तर बाईंनी रोग अचूक ओळखला होता. जुनी नावं पुस्तकातून गेली नव्हतीच, ती तिथे होतीच. अडखळणाऱ्या मुलासाठी मध्ये एक पायरी बांधली होती, इतकंच. टीका करणाऱ्यांपैकी किती जणांनी दुसरीच्या मुलाच्या पाटीवरचे बावन्न पाहिले होते, कोण जाणे.

मात्र ती पायरी वापरतानाही जपायला हवं. 'वीस पाच' असं ऐकलं की काही मुलं २० लिहून त्यापुढे ५ लिहितात आणि २०५ होतात. पुढे तीच मुलं एकशे पाचला १००५ लिहितात. म्हणून नुसते शब्द बदलून भागत नाही, सोबत हाताला काहीतरी हवं.

मी काय करत आले ते सांगते. खराट्याचे हीर घ्यायचे, सारख्या लांबीचे तुकडे करायचे. (आइसक्रीमच्या काड्याही चालतात, पण गोळा व्हायला उन्हाळा लागतो.) दहा सुटे झाले की रबर लावून गठ्ठा. गठ्ठे मुलानेच बांधायचे, आयते बांधून द्यायचे नाहीत. दहा सुटे म्हणजेच एक गठ्ठा हे रबर लावताना कळतं. मग "दोन गठ्ठे, पाच सुटे दाखव." दोन गठ्ठे डावीकडे, पाच सुटे उजवीकडे. त्याखाली खडूने २ आणि ५. या वेळी नाव 'वीस पाच' एवढंच. दोन-तीन आठवडे याच नावाने खेळा. किती गठ्ठे आणि किती सुटे हे मूल न अडखळता सांगायला लागलं, की मग म्हणायचं, "या वीस पाचला सगळे पंचवीस म्हणतात." घरात बाळ्या, शाळेत बाळकृष्ण. दोन नावं असू शकतात हे मुलांना लगेच पटतं.

जुन्या लग्नपत्रिका कापून पत्ते करा. १०, २०, ३० पासून ९० पर्यंतचे नऊ रुंद पत्ते, आणि १ ते ९ चे निम्म्या रुंदीचे. वीसच्या पत्त्यातल्या शून्यावर पाचाचा पत्ता ठेवला की २५ दिसतात. "शून्य कुठे गेलं?" "पाचाखाली लपलं." २०५ लिहिणाऱ्या मुलाला या एका लपंडावाने जे कळतं ते मला फळ्यावर अर्धा तास बोलून सांगता आलं नव्हतं.

श्रुतलेखनासाठी मी मुलांना 'शेपटी पकडा' म्हणून सांगते. संख्या ऐकली की लगेच पेन्सिल चालवायची नाही. शब्द पूर्ण ऐकायचा, त्याची शेपटी पकडायची आणि ती आधी लिहायची. शेपटीला 'वीस' असलं की २, 'तीस' असलं की ३, 'चाळीस' असलं की ४, 'वन्न' किंवा 'पन्न' आलं की ५, 'सष्ट' आलं की ६, 'हत्तर' किंवा 'त्तर'ला ७, 'ऐंशी'ला ८, 'ण्णव'ला ९. मग शब्दाचं तोंड बघायचं आणि एकक लिहायचा. एकोणवाल्यांची वेगळी यादी भिंतीवर टांगायची आणि 'एकोण' म्हणजे 'एक कमी' हे वारंवार म्हणायचं. त्यासाठी शंभर मण्यांची माळ फार उपयोगी पडते. दहा मणी लाल, दहा पांढरे, पुन्हा दहा लाल. तिसाव्या मण्यावर बोट ठेवून एक मणी मागे यायचं: हा एकोणतीस. बऱ्याच जिल्हा परिषद शाळांत अशी माळ वर्गात लटकलेली असते. घरी ओवायला एक दुपार पुरते.

आणि रोज शंभरची उजळणी नको. दहा, वीस, तीस असे मैलाचे दगड पक्के करा. मग पंधरा, पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस ही पाचाची घरं. त्यानंतर रोज चार-पाचच नावं. बेचाळीस कुठे राहतो? चाळीसच्या पुढे दोन घरं, पंचेचाळीसच्या अलीकडे तीन. असा पत्ता सांगता येतो त्या मुलाला संख्या कळलेली असते.

यानंतर येतो हातचा, आणि इथे दुसरी मोठी घसरगुंडी असते. ४२ मधून १७ वजा करायला द्या. बरीच मुलं ३५ लिहितात. चूक वाचा: सातातून दोन गेले पाच, चारातून एक गेला तीन. दोनातून सात जात नाहीत, म्हणून त्याने मुकाट्याने उलटं केलं. 'मोठ्यातून लहान वजा करायचं' हे आपणच त्याला कधीतरी सांगितलेलं असतं. आता त्याच्या हातात दहाच्या चार नोटा आणि रुपयाची दोन नाणी द्या आणि सतरा रुपये मागा. तो एक नोट देईल, दोन नाणी देईल आणि थांबेल. "सुट्टे नाहीत." मग काय करायचं? "नोट मोडायची." हे उत्तर मी कधी कुणाला शिकवलं नाही, मुलांनीच दिलं. दहाची नोट मोडून दहा नाणी आली की समोर तीन नोटा आणि बारा नाणी. तेच मग कागदावर लिहायचं. 'शेजाऱ्याकडून उसना घेतला' या भाषेने मला लहानपणी कधीच काही कळलं नव्हतं. घेतला तर परत कधी केला, असं वाटत राहायचं.

अडचण अशी झाली आहे की आजची मुलं सुट्टे पैसे बघतच नाहीत. आई फोन पुढे करते, दुकानातला डबा "इतके रुपये प्राप्त झाले" असं ओरडतो, आणि व्यवहार संपतो. पूर्वी कोथिंबिरीच्या जुडीला पाठवलेलं पोर येताना तीन रुपये सुट्टे मुठीत घेऊन यायचं, वाटेत दोनदा मोजायचं. निदान आठवड्यातून एकदा मुलाला रोख पैसे देऊन दुकानात पाठवा. जुने वाणी वजाबाकी कशी करत तेही दाखवा: सतराला तीन दिले वीस झाले, वीस दिले चाळीस, दोन दिले बेचाळीस, म्हणजे परत पंचवीस. हातचा नाही, उसना नाही. ज्या मुलाची उभी मांडणी काही केल्या सुधारत नाही त्याला ही रीत शिकवा. शाळेत चालेल का, असं विचाराल. उत्तर बरोबर येतंय ना? मग शिक्षकांशी बोला.

पाढ्यांबद्दल दोन्ही टोकांची माणसं भेटतात. पाठांतर वाईटच म्हणणारी आणि तिसापर्यंत पाढे आल्याशिवाय जेवू न देणारी. पूर्वी पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी म्हणून घेत, कारण रुपयाचे आणे सोळा होते आणि शेर-छटाकांचा हिशेब रोज करावा लागे. १९५७ मध्ये दशमान नाणी आली, पाठोपाठ किलो-ग्रॅम आले आणि ती गरज संपली. दहापर्यंतचे पाढे मात्र हवेत. बे एके बे, बे दुणे चार या चालीत गंमत आहे, ती घालवू नका. पण बे त्रिक सहा म्हणजे काय हे आधी दाखवा. अंगणात किंवा वहीवर ठिपक्यांची रांगोळी घाला: तीन ओळी, प्रत्येकीत सात ठिपके. किती? आता दुसऱ्या बाजूला जाऊन बसा. सात ओळी, तीन-तीन ठिपके. ठिपके तेवढेच! तीन साते आणि सात त्रिक एकच हे कळलं की निम्मं ओझं उतरतं. एक, दोन, पाच आणि दहाचे पाढे बहुतेकांना जमतात. ते वगळले आणि अशा जुळ्या जोड्या एकदाच धरल्या, तर दहापर्यंतच्या सगळ्या पाढ्यांतले फक्त एकवीस गुणाकार खरोखर पाठ करायचे उरतात. एकवीस, गणपतीच्या मोदकांइतके. मुलाला ते एका चिठ्ठीवर लिहून द्या आणि येईल तसा एकेक खोडू द्या.

आकड्यांच्या लिपीचा एक वेगळाच घोळ आहे. सेमी-इंग्रजीतलं मूल सकाळी एका लिपीत आणि संध्याकाळी घरी आजोबांकडे दुसऱ्या लिपीत आकडे बघतं. आपला ५ त्याला इंग्रजी चारासारखा दिसतो, आपला ४ इंग्रजी आठासारखा. आपल्या आपल्यातही ३ आणि ६ आरशातल्या प्रतिबिंबासारखे. पहिली दोन वर्षं एकच लिपी धरा, शाळेची जी असेल ती. दुसरी नंतर आठवड्याभरात येते.

आता वेळेचं. पंधरा मिनिटं. त्याहून जास्त नको, तीही जेवणाच्या आधी, झोपेच्या वेळी नको. चूक झाली की लगेच खोडरबर पुढे करू नका. "कसं केलंस सांग मला," असं विचारा, आणि बरोबर उत्तरालाही हाच प्रश्न विचारा, नाहीतर मुलं हुशार असतात, प्रश्न आला म्हणजे चुकलं हे त्यांना कळतं. "एवढं सोपं येत नाही?" हे वाक्य घरातून कायमचं हद्दपार करा. आणि आयांनो, मुलासमोर हसत हसत "मलाही गणित कधी जमलं नाही" असं म्हणू नका. मुलीच्या बाबतीत तर मुळीच नको. ती ते वारसा म्हणून घेते.

हे सगळं मनापासून सहा महिने केलं, तरी काही मुलं तिथेच राहतात. कालचे सहा-चार आज नवे, घड्याळ वाचता येत नाही, सात मोठे की नऊ यावर विचार करावा लागतो, आणि इतर बाबतींत मूल चांगलं चलाख. अशा वेळी डिस्कॅल्क्युलियाची, म्हणजे गणनेच्या अक्षमतेची शक्यता पाहावी लागते. तो आळस नाही, मंदपणाही नाही. आधी नजर आणि कान तपासून घ्या. फळा नीट न दिसणाऱ्या किती मुलांना आम्ही शिक्षकांनी 'कच्चं' ठरवलं असेल त्याची गणती नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतांमध्ये डिस्कॅल्क्युलियाचं नाव स्पष्ट आहे, आणि तपासणीची वेळ म्हणून केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत तिसरी इयत्ता किंवा आठ वर्षं वय दिलेलं आहे. म्हणून पाच वर्षांच्या मुलावर शिक्का मारायची घाई नको, आणि दहावी तोंडावर येईपर्यंत थांबूही नका. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या सार्वजनिक रुग्णालयांत त्यासाठी वेगळं क्लिनिक आहे. इतर ठिकाणी जिल्हा रुग्णालयात आणि शाळेच्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांकडे चौकशी करा. प्रमाणपत्र मिळालं तर बोर्डाच्या परीक्षेत सवलती मिळतात. पण चिंचोके, गठ्ठे आणि माळ अशा मुलालाही लागतातच, फक्त जास्त दिवस लागतात.

त्या पहिल्या बाकावरच्या मुलीला मी पुढे पुन्हा शिकवलं. दिवाळीपर्यंत ती शेपटी पकडायला शिकली. एकोणसाठ मात्र वर्षभर चुकत राहिली, आणि मीही ते चुकू दिलं. आज रात्री तुमच्या मुलाची वही काढाल तेव्हा तांबड्या फुल्या मोजू नका. प्रत्येक चुकीशेजारी बारीक अक्षरात लिहा, त्याने काय विचार केला असेल. एक पान तसं लिहून झालं की मग ठरवा, शिकवणी लावायची की चिंचोके आणायचे.